ओटा, न्हाणी आणि सरपंचपद

जालना जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावात वेशीतून आत शिरावे आणि घरांकडे न पाहता घरांच्या बाहेर काय काय बांधले आहे तेवढेच पाहत चालावे. मोठ्या वाड्याचा दगडी ओटा रस्त्यात दोन हात पुढे आलेला दिसेल. पलीकडच्या घराच्या पायऱ्या गटारीवर. कुणाचा गोठा सार्वजनिक आडाच्या कट्ट्याला टेकलेला, तर कुणा बागायतदाराच्या ट्रॅक्टरसाठी भर चौकात पत्र्याचे शेड. हे सारे पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे. त्याला गाव वहिवाट म्हणते. मग तसेच पुढे चालत गावाबाहेरच्या भीमनगरात यावे. तिथे दोन खोल्यांच्या मागे चार पत्रे उभे करून केलेली न्हाणी, तिच्या शेजारी स्वच्छ भारत अभियानाच्या पैशांतून उभा राहिलेला संडास, पुढे चुलीसाठी काढलेले छप्पर. याला तेच गाव अतिक्रमण म्हणते. मोजणीचा टेप वेशीतल्या ओट्यापाशी उलगडत नाही, तो भीमनगरात येऊन उलगडतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, असे शासनाने २०२४ मध्ये ठरवले. टेप मात्र जुनाच आहे.

घराला लागून केलेली ही किरकोळ बांधकामे हा काय लेखाचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो झाला, कारण त्या न्हाणीवरून आणि संडासावरून गावोगाव निवडून आलेल्या माणसांची पदे जात आहेत. बाबासाहेबांच्या घटनेने जे दिले ते चार पत्र्यांच्या आडोशावरून काढून घेण्याची युक्ती गावगाड्याला सापडली आहे. ती कायद्याच्या भाषेत चालते, म्हणून तिला कायद्याच्याच भाषेत उत्तर द्यावे लागेल.

आधी नियम पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावठाणाच्या हद्दीत इमारत बांधायची किंवा पुन्हा बांधायची तर ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. कलम ५३ ने रस्त्यावरचा आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला आहे. त्यावर डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता सगळीकडे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यात लहान माणसाला सवलत आहे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर परवानगीसाठी चपला झिजवण्याचे कारण नाही. मालकीचा कागद, परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरून रीतसर कळवले की काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळाली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने हेच खेड्यांसाठी १६०० आणि ३२०० चौरस फुटांच्या भाषेत सांगितले. रंगसफेदी, गिलावा, फरशी, फुटकी कौले बदलणे असल्या दुरुस्तीला तर परवानगीचा प्रश्नच येत नाही.

नियम वाईट नाही. पण त्याचा पहिलाच शब्द 'मालकीचा कागद' हा आहे आणि आमची वस्ती तिथेच अडते.

गावात घर कसे असावे याचे नियम आमच्या समाजाला नवीन नाहीत. शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात गावगाड्याने अस्पृश्यांसाठी ठरवलेल्या गुन्ह्यांची एक यादी आहे. गावापासून वेगळे राहिले पाहिजे हा त्यातला नियम सर्वांना माहीत असतो. पण अस्पृश्याने आपल्या घरावर कौले घालणे हाही त्या यादीत गुन्हा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. म्हणजे हीसुद्धा एक बांधकाम नियमावलीच होती. ती कुठे छापलेली नव्हती आणि तिचे अपील कुठे चालत नव्हते एवढाच फरक. कौले कोणी घालायची, ओटा किती उंच असावा आणि त्यावर कोणाला बसू द्यायचे हे ठरवण्यातच जातीची सत्ता होती. आजची नियमावली जात विचारत नाही. ती सातबारा विचारते.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते तिथून निघाल्यानंतरच्या वर्षी, १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक नियम रद्द केला. गोऱ्यांची घरे जास्त असलेल्या गल्लीत काळ्या माणसाने राहायला जाऊ नये, असा तो नियम होता. तो गेला. पण पुढे अनेक शहरांनी भूखंड केवढा असावा, त्यावर किती घरे असावीत असले नियम लिहिले. कागदावर रंगाचे नावही नाही, आणि गरीब काळा माणूस मात्र तिथे येऊ शकत नाही. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता वस्तीकडे कागद का नाही ते पाहू. मराठवाडा निजामी अमलात होता. गावठाणाची हद्द जेव्हा आखली गेली तेव्हा आमची वस्ती कुठे तिच्या काठावर, कुठे साफ बाहेर राहिली. कुटुंबे वाढली, घरे वाढली, पण हद्द होती तिथेच. मग माणसे जाणार कुठे? बाजूला गायरान होते, तिथे गेली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच जमिनीसाठी. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. तो शेतीपुरता होता. राहत्या घरांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आला. सर्वांसाठी घरे २०२२ या धोरणाखाली १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरची घरे नियमानुकूल करायची असे त्यात म्हटले होते. २०२२ कधीच सरले. किती भीमनगरांना त्याखाली कागद मिळाला, हे वाचकांनी आपापल्या गावात विचारावे. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचाही निर्णय घेतला. चांगले झाले. पाटीवर समतानगर आले, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरासमोरचा 'अतिक्रमण' हा शेरा तसाच राहिला.

असे घर घरकुल योजनेतून पक्के होते तेव्हा काय होते? प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरले आहे, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. रमाईच्या नावाने मिळणारे घरकुलही त्याच मापाचे. एवढ्यात सासू-सासरे, दोन लेकरे, धान्याच्या गोण्या. अंबड-घनसावंगीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा संसार तर सहा महिने कुलपात बंद असतो. न्हाणी आत बसत नाही. शेळीला आत बांधता येत नाही. पाण्याची ओढ ज्या जिल्ह्याला नेहमीची, तिथे साठवणीच्या टाक्या दाराबाहेरच ठेवाव्या लागतात. संडासाचे १२ हजार रुपये वेगळे मिळतात आणि संडासही भिंतीबाहेर वेगळाच उभा राहतो. तो उभा करताना ग्रामपंचायतीचाच माणूस जागा दाखवतो, शेजारी लाभार्थ्याला उभे करून फोटो काढला जातो, गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक लागतो. तेव्हा कुणीही विचारत नाही की ही जागा कुणाची.

विचारतात कधी? निवडणुकीनंतर. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणे दिली आहेत. २००६ मध्ये त्यात ज-३ हे पोटकलम आले: शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. त्याच कलमात ज-५ आहे: आपल्या घरी संडास आहे आणि आपण तो नियमित वापरतो, याचा दाखला न देणारा माणूसही सदस्य राहू शकत नाही. दोन्ही तरतुदी वेगवेगळ्या वाचल्या तर कुणीही मान डोलावेल. गायरानावर दोन खोल्यांत राहणाऱ्या बौद्ध बाईच्या घरात बसून त्या एकत्र वाचून पाहा. संडास नसेल तर ज-५ खाली अपात्र. संडास बांधावा तर भिंतीबाहेर शासनाची जमीन, म्हणजे ज-३ खाली अपात्र. राखीव जागा तिच्यासाठी ठेवली घटनेने, आणि तिथून उठवण्याची सोय अशी दोन्ही बाजूंनी!

असे अर्ज आमच्या डोळ्यांखालून गेले आहेत. अर्जदार बहुतेक वेळा पराभूत पॅनलचा असतो. पंचनाम्यात घर बाजूलाच राहते. 'घराच्या दक्षिणेस पत्र्याचे स्नानगृह, पूर्वेस सिमेंटचा ओटा, पायऱ्या तीन' असे त्यात बारकाईने लिहिलेले असते. अर्जदाराच्या स्वतःच्या घराचा ओटा कुठवर आला आहे हे पंचनाम्यात येत नाही, कारण ते कुणी विचारलेले नसते. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते, तिथून विभागीय आयुक्तांकडे आणि मग औरंगाबाद खंडपीठात. रोजंदारी बुडवून तारखांना येणाऱ्या सदस्याची पाच वर्षे अशीच निघून जातात.

अतिक्रमण सदस्याने स्वतः केले नसेल तर? सासऱ्याने १९८० च्या सुमारास बांधलेल्या घरात सून नांदायला आली आणि ती निवडून आली, तर ती अतिक्रमण करणारी ठरते का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सागर पांडुरंग धुंडारे' खटल्यात कलमाचा अर्थ मर्यादित ठेवला होता. ज्याने मुळात अतिक्रमण केले तोच अपात्र. सप्टेंबर २०१८ मध्ये 'जानाबाई' खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ मोडीत काढला. कुटुंबाचे अतिक्रमण चालू ठेवून त्यात राहणाराही अपात्र, असे ठरले. सार्वजनिक जमीन राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानेच ती बळकावून बसू नये, हे न्यायालयाचे म्हणणे आम्हाला कळते. परंतु ज्याला बसायला दुसरी जागाच मिळू दिली नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या खटल्यात न्यायालयासमोर आलाच नाही. तो आपण न्यायचा आहे.

या निकालाची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यात विचखेडा नावाचे गाव आहे. तिथल्या महिला सरपंचाला शासकीय जमिनीवरील सासूच्या घरात राहते असे म्हणून काढण्यात आले होते. आपण नवऱ्या-मुलांसह वेगळे भाड्याने राहतो, असे ती सांगत होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे हरली, आयुक्तांकडे हरली, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले. एक बाई सरपंच झाली आणि तिच्या हाताखाली वागावे लागेल हे गावकऱ्यांना सहन झाले नाही, असे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला काढणे ही अधिकाऱ्यांनी हलक्याने घेण्याची गोष्ट नाही, हेही सुनावले. यापुढे ज-३ चे कोणतेही प्रकरण लढवताना हा निकाल फाइलमध्ये जानाबाईच्या शेजारी लागला पाहिजे.

गायरानाच्या बाबतीतही असेच अर्धवट वाचन चालते. २८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग निकाल प्रत्येक नोटिशीत असतो. त्याच्या आधारे १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर गावोगाव नोटिसांचा पाऊस पडला. पण जगपालसिंग निकालाच्या अखेरीस एक अपवाद दिला आहे. शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा तिथे शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आधीच असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. धनदांडग्यांनी गायराने गिळली म्हणून जो निकाल आला, तो वापरून ज्यांना त्याच निकालाने वगळले त्यांना उठवायचे, हा कुठला न्याय? अपवादात बसण्यासाठी कागद लागतो हे खरे. म्हणूनच तो मिळवणे हे चळवळीचे काम आहे.

आणि पाडापाडीचा विषय निघालाच आहे तर १३ नोव्हेंबर २०२४ चा निकालही माहीत असावा. तो न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाचा. पंधरा दिवसांची लेखी नोटीस नोंदणीकृत टपालाने, बांधकामावर ती चिकटवणे, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, पाडताना चित्रीकरण, हे सारे त्याने बंधनकारक केले. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची बाजू, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांना आणि न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिलेल्या प्रकरणांना हे संरक्षण नाही. भीमनगरातली न्हाणी ही रस्त्यात नसते, ती घरामागे असते. आमच्या मते तिला हे संरक्षण मिळाले पाहिजे, आणि संध्याकाळी तोंडी सांगून सकाळी जेसीबी आणणाऱ्याला हा निकाल वाचून दाखवला पाहिजे.

मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता अडवून बसलेल्या ओट्याची वकिली आम्ही करणार नाही, मग तो वाड्याचा असो की वस्तीतला. सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडणाऱ्या न्हाणीचीही नाही. आमचे म्हणणे एवढेच की टेप उलगडायचा तर वेशीपासून उलगडा.

जालना शहर २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. तिथले प्रश्न गुंठेवारीचे आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली आहे, एवढे इथे सांगून तो विषय वेगळ्या लेखासाठी ठेवतो.

खेड्यांत आताच करण्यासारखे बरेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षे २०२६ च्या सुरुवातीला भरतात. ज्यांना उभे करायचे आहे त्यांच्या घराचा नमुना ८ चा उतारा पाहून मगच नाव पक्के करावे. घर गायरानात असेल तर महसुलाच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, नाव आहे का, कोणत्या सालापासून आहे, तेही पाहावे. पुष्कळ कार्यकर्ते त्या नोंदीला भितात. ती दुधारी आहे हे खरे. उमेदवाराच्या विरुद्ध ती पुरावा होते, पण २०११ पूर्वीपासून आपण तिथे राहतो हे दाखवायलाही अनेकदा तोच पुरावा असतो. तेव्हा ज्या घराची नोंद आहे त्याचा नियमानुकूल करण्याचा अर्ज आधी, उमेदवारी नंतर.

अर्ज करताना घराच्या चार भिंतींवर थांबू नये. न्हाणी, संडास, ओटा, गोठा, पाण्याची टाकी या प्रत्येकाचे माप आणि बांधल्याचे साल त्यात यावे, आणि संडासाला शासनाने पैसे दिले त्याचा कागद जोडावा. शासनाने स्वतः पैसे देऊन, फोटो काढून बांधून घेतलेल्या संडासाला शासनच अतिक्रमण म्हणते, हे त्या एका कागदाने सिद्ध होते. ज-३ च्या प्रकरणात यापेक्षा मोठा बचाव आम्हाला माहीत नाही.

एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनने मोजमाप सुरू झाले. त्या दिवशी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. वरून ड्रोन तेवढेच टिपतो आणि त्यावरून मिळकत पत्रिका तयार होते. गावठाणात घर असलेल्या आमच्या माणसांनी भिंतीला लागून रेघ मारू दिली असेल तर बाहेरचे अंगण आणि न्हाणी कागदावर ग्रामपंचायतीची झाली. पत्रिका हातात आली असेल तर नकाशा आजच उघडून पाहावा आणि चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात लेखी हरकत द्यावी. वाड्यांच्या रेघा कुठवर गेल्या आहेत, तेही त्याच नकाशात दिसेल.

आणि ज्यांची वस्ती सबंधच हद्दीबाहेर आहे त्यांच्यासाठी मुख्य मागणी गावठाणाच्या हद्दवाढीची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावाच्या वस्तीची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. खासगी जमिनीसाठी सवलती पटापट मिळतात. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील शेतजमीन अकृषिक करणे कलम ४२-ड ने सोपे केले आणि त्याचा लाभ प्लॉट पाडणाऱ्यांनी घेतला. त्याच २०० मीटरच्या आत असलेली, पन्नास-पन्नास वर्षांची भीमनगरे मात्र हद्दीबाहेरच आहेत. दादासाहेबांचे छायाचित्र आमच्या प्रत्येक कार्यालयात असते. जालन्याच्या आठही तालुक्यांतून किती वस्त्यांनी हद्दवाढीचा ठराव मागितला, असे आम्ही कार्यकर्त्यांना विचारतो तेव्हा ते जयंतीच्या मिरवणुकीचा विषय काढतात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते. हद्दवाढीचा आणि बाहेरच्या बांधकामांसह घरे नियमानुकूल करण्याचा, असे दोन अर्ज सभेच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत द्यावेत, पोच घ्यावी, आणि सभेत विषय पुकारला नाही तर तो का पुकारला नाही याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. अर्जावर वस्तीतल्या बायांच्या सह्या आधी असाव्यात. न्हाणी कुठे आहे आणि ती तिथेच का आहे, हे सभेत त्यांच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही.